क्रॉसकंट्रीला गेलं की सारखी एअरस्पेसची लाईन क्रॉस होतेय? आधी हे तपासा

आमच्या कोल्हापूरची पोरं, कोण बारामतीला ट्रेनिंग घेतंय, कोण बेळगावला, कोण गोंदिया नाहीतर धुळ्याला, सुट्टीला घरी येऊन भेटली की चहा यायच्या आत एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, हेडिंग बरोबर धरलेलं, हाइट पण धरलेली, तरी विमान आत गेलंच कसं?" आत म्हणजे परवानगीशिवाय शिरता येत नाही अशा, हवेत आखलेल्या हद्दीत, एअरस्पेसमध्ये. मी इथं नेव्हिगेशन आणि रेग्युलेशनचे ग्राउंड क्लास घेते, त्यामुळं नॅव्हलॉग (निघायच्या आधी हेडिंग, वारा, वेळ लिहायचा कागद) उघडून बघायची सवयच लागलीय, आणि नॅव्हलॉग बघितला की बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं. हवेत पोरगं काही फार वेडंवाकडं उडवत नसतं. लाईन कुठं आहे हे त्याला माहीत असतं, पण लाईनच्या किती आधी थांबायचं आणि थांबून काय करायचं हे आदल्या रात्री ठरलेलंच नसतं, आणि मग हवेत इंजिन, रेडिओ, नकाशा, वारा सगळं एकदम अंगावर आलं की ते ठरवायला वेळच मिळत नाही.

आपल्या भागात हे जरा जास्तच जपायला लागतं. उत्तरेला पुण्याचं लोहगाव, ते हवाई दलाच्या ताब्यात. दक्षिणेला दाबोळी, तिथं नौदल. मध्ये आपलं उजळाईवाडी, १९३९ पासूनचं, आता तिथं शेड्यूल फ्लाइट येतात आणि एटीआर वगैरे विमानं उतरायला लागली की त्यांचा आणि तुमच्या सेस्नाचा स्पीड यात फार फरक असतो, तुम्ही कुणाच्या फायनलच्या (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्याच्या) रस्त्यात उभे आहात हे कळेपर्यंत तो जवळ आलेला असतो. म्हणून हा विषय मी नुसता परीक्षेच्या मार्कांपुरता घेत नाही.

खाली उदाहरणं कऱ्हाड–कोल्हापूर आणि कोल्हापूर–बेळगाव या लेगची (टप्प्यांची) घेतलीत कारण जमीन आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. एअरस्पेसच्या हद्दी मात्र मी मुद्दाम लिहीत नाही, त्या बदलतात, त्या त्या दिवशीच्या एआयपी (वैमानिकांसाठीची अधिकृत माहितीपुस्तिका) आणि नोटॅम (तात्पुरत्या बदलांच्या सूचना) यांमधूनच घ्यायच्या.

"चार्टवर तर लाईन लांब होती"

मग आधी चार्ट तपासा, कारण पुष्कळदा लाईनच चुकीच्या जागी काढलेली असते. आपल्याकडं बरीच पोरं कुणाकडून तरी आलेल्या जुन्या चार्टच्या झेरॉक्सवर स्वतःच्या हातानं एअरस्पेस काढतात. त्यात काही वाईट नाही, उलट हातानं काढलं की डोक्यात बसतं, पण माहिती कुठून घेतली हे महत्त्वाचं. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ई-एआयपीमध्ये ईएनआर ५.१ उघडा, तिथं प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि डेंजर एरियाची यादी कोऑर्डिनेट्ससकट आहे. ज्या एअरफील्डच्या जवळून जाणार त्याचं पान उघडून एडी २.१७ बघा, तिथं त्याच्या एअरस्पेसची हद्द, उंची आणि क्लास लिहिलेला असतो, आणि लगेच खाली २.१८ ला फ्रिक्वेन्सी. सीनियरच्या वहीतून उतरवून घेऊ नका. एआयपीचे बदल २८ दिवसांच्या सायकलनं येतात, सीनियरची वही कधीची आहे देव जाणे.

काढताना दोन चुका फार होतात. पहिली, एआयपीमध्ये कोऑर्डिनेट डिग्री-मिनिट-सेकंदात असतात आणि पोरं ते दशांशात टाकतात. १६ डिग्री ३० मिनिट हे टॅबलेटमध्ये १६.३० टाकलं की ते होतं १६ डिग्री १८ मिनिट, म्हणजे तुमची अख्खी लाईन १२ नॉटिकल माईल दक्षिणेला सरकली. दुसरी, कंपासनं वर्तुळ काढताना किलोमीटरची पट्टी वापरणं. २५ नॉटिकल माईल म्हणजे ४६ किलोमीटर, आणि चुकून २५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर ते जेमतेम साडेतेरा माईलचं होतं, आणि पोरगं लाईनच्या दहा माईल आत असताना पण बाहेर आहोत असं समजत निवांत असतं.

उंचीचंही तसंच. यादीत कुठं एमएसएल (समुद्रसपाटीपासून) लिहिलेलं असतं, कुठं एजीएल (खालच्या जमिनीपासून), कुठं फ्लाइट लेव्हल (ठरावीक प्रमाण प्रेशर धरून मोजलेली उंची). कोल्हापूरची जमीनच समुद्रसपाटीपासून साधारण २००० फूट वर. म्हणजे ३००० फूट एजीएल असं लिहिलेलं असेल तर आपल्याकडं अल्टिमीटरवर ते ५००० दिसणार, आणि तोच आकडा घाट उतरून कोकणात गेलात की ३००० च्या आसपास येणार. प्रत्येक एरियाच्या शेजारी, क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दिसावी म्हणून लावायचं त्या वेळचं प्रेशर) लावून अल्टिमीटरवर किती दिसेल तो आकडा पेन्सिलनं लिहून ठेवा, हवेत बेरीज करत बसू नका.

आणि लाईन काढून झाली की तिच्या आतल्या बाजूला नाही, तुमच्या बाजूला अजून एक लाईन काढा. ब्रिटनमध्ये पायलट लोकांना "टेक टू" म्हणून सांगतात, बाजूनं २ नॉटिकल माईल आणि उंचीत २०० फूट लांब राहा. ते कमीत कमी आहे असं धरा, शिकाऊ असाल आणि वारा असेल तर ३ ते ५ माईल सोडा. शहाणा माणूस बांधाला खेटून नांगर घालत नाही, थोडी जागा सोडूनच वळवतो, तेवढंच करायचंय. तुमची लाईन ती दुसरी. हवेत असताना पहिल्या लाईनचा विचारच करायचा नाही.

"हेडिंग बरोबर होतं"

हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, बरोबर असेल, वारा बरोबर होता का? हे जरा नीट बघू, कारण निम्म्या केस इथंच अडकतात.

कोल्हापूर ते बेळगाव विमानानं साधारण ५२ नॉटिकल माईल, ट्रॅक (जमिनीवरचा रस्ता, डिग्रीत) अंदाजे १५९. टास (हवेतला खरा वेग) १०० नॉट धरा. पोरानं प्लॅनिंग करताना वारा २७० वरून १० नॉट धरला तर करेक्शन येतं साधारण ५ डिग्री उजवीकडं. आता पावसाळ्याच्या मागंपुढं पश्चिमेचा वारा वर चांगलाच असतो, त्या उंचीवर खरंच २५ नॉट निघाला तर करेक्शन लागतं साधारण १३ डिग्री. फरक ८ डिग्रीचा. ६० माईलला १ डिग्री म्हणजे १ माईल हा नियम सगळ्यांना पाठ असतो, लावायचं मात्र कुणाला सुचत नाही. ५२ माईलच्या लेगला ८ डिग्री म्हणजे शेवटी सात माईल पूर्वेला. डीआयवर (हेडिंग दाखवणाऱ्या जायरोवर) हेडिंग सुईच्या टोकावर धरलेलं, आणि विमान सात माईल भलतीकडं. त्यात पोरगं बरोबर उडवतंय असंच त्याला वाटत असतं, कारण त्याच्यासमोरचं एकही इन्स्ट्रुमेंट चुकीचं दिसत नाही.

हे पकडायचं कसं? जमिनीवरून. कोल्हापूर सोडलं की निपाणी जवळजवळ ट्रॅकवरच येते, हायवे तुमच्या सोबत असतो. निम्म्यावर संकेश्वर, ते थोडं डावीकडं राहिलं पाहिजे. मग हिडकलच्या धरणाची भिंत डाव्या हाताला चांगली लांब, ७-८ माईलवर दिसायला हवी. ती निम्म्या अंतरावर आलेली दिसली की समजायचं आपण ढकलले गेलोय, तिथंच करेक्शन करायचं, बेळगाव दिसायची वाट बघायची नाही. भिंत म्हणतेय, पाणी नाही. पाणी मे महिन्यात कुठल्या कुठं आटलेलं असतं आणि सप्टेंबरात पसरलेलं असतं, त्याच्या कडेवरून अंदाज घेतला तर फसाल. निपाणीला पोचल्या पोचल्या एकदा घड्याळ आणि एकदा खाली बघितलं तर ड्रिफ्ट तिथंच कळतो, निपाणी उजवीकडं एक-दीड माईलाऐवजी चार माईल लांब दिसतेय म्हणजे वारा तुमच्या कागदावरचा नाही.

डीआय पण दर १०-१५ मिनिटांनी कंपासशी जुळवून घ्या, विमान सरळ आणि लेव्हल असताना, वळणात नाही. फ्रेडा चेक (इंधन, रेडिओ, इंजिन, डायरेक्शन, उंची) म्हणून सगळे घडाघडा म्हणतात आणि त्यातल्या डायरेक्शनला नुसतं डीआयकडं बघून "चेक" म्हणतात, कंपासकडं नजरच जात नाही.

एअरवर्कला (ट्रेनिंग एरियातच टर्न-स्टॉलच्या सरावाला) गेलेल्यांसाठी वेगळं सांगते कारण त्यांना वाटतं आपण कुठं जातोय, इथल्या इथं तर आहोत. स्टीप टर्न, स्टॉल, स्लो फ्लाइट करताना नजर आत असते. वारा २० नॉट असेल तर १५ मिनिटांत तुम्ही ५ माईल वाऱ्याबरोबर गेलेले असता, एक पण टर्न चुकीचा न करता. म्हणून ट्रेनिंग एरियाच्या ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला जाऊन सुरू करा, आणि दोन एक्सरसाईजच्या मध्ये जो लुकआउट टर्न घेता त्यातच खाली बघून जागा पक्की करा.

"मी लँडमार्क बघूनच चाललो होतो"

कुठला लँडमार्क, हे विचारलं की खरं निघतं. आपल्या पट्ट्यात साखर कारखान्याची चिमणी हा लँडमार्क नाही. इतके कारखाने आहेत की वरून सगळे सारखेच दिसतात, चिमणी, गोडाऊन, उसाच्या ट्रॉल्यांची रांग, शेजारून नदी. आणि ज्या हंगामात कारखाने चालू असतात त्याच हंगामात सकाळी नदीच्या खोऱ्यात धुराचा आणि धुक्याचा थर साचलेला असतो, गुऱ्हाळं पेटलेली, पाचट जाळलेलं, वरून बघितलं तर उभं खाली दिसतं पण पुढं तिरकं काहीच दिसत नाही. व्हीएफआरला (नजरेनं बघून उडायच्या नियमांत) ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी लागते, जमिनीवरून सहा दिसली म्हणून वर तिरक्या नजरेनं पण सहा दिसेल असं नाही.

सगळ्यात मोठा घोळ कऱ्हाडवरून खाली येताना होतो. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात, प्रीतिसंगम, वरून तो टी सारखा आकार ओळखायला एकदम सोपा, तिथपर्यंत कुणी चुकत नाही. तिथून कोल्हापूरचा ट्रॅक साधारण १६९, अंतर ३८ माईलच्या आसपास, आणि सुरुवातीला नदी आणि हायवे जवळजवळ असतात. मग पोरगं नदी धरतं, कारण धूसर हवेत हायवेपेक्षा पाणी चमकतं. पण कृष्णा जाते सांगलीला! ती तशीच धरून ठेवली की पुढं हरिपूरला वारणा मिळताना दिसते, मग नृसिंहवाडीला पंचगंगेचा संगम दिसतो, आणि पोरगं म्हणतं हां, पंचगंगा दिसली म्हणजे कोल्हापूर आलं. ते कोल्हापूर नसतं, उजळाईवाडीपासून नृसिंहवाडी पूर्वेला साधारण १८ माईल आहे.

यावर उपाय एकच आहे आणि तो सगळ्या पुस्तकांत लिहिलेला असतो, आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. टेकऑफनंतर अमुक मिनिटांनी किणीच्या टोलनाक्याजवळ हायवे वारणा नदी ओलांडतो ती जागा यायला पाहिजे, आली का? पोरं उलटं करतात, खाली काहीतरी दिसतं आणि मग ते नकाशात शोधतात, आणि शोधलं की नकाशात तसं काहीतरी सापडतंच. एका खुणेवर विश्वास ठेवू नका, जोडी धरा. हायवे अधिक नदीचा पूल. नदी अधिक रेल्वे. आणि डोंगर कुठल्या बाजूला आहे ते. कऱ्हाडवरून येताना जोतिबाचा डोंगर उजव्या हाताला यायलाच पाहिजे, उजवीकडं सगळं सपाट दिसत असेल तर तुम्ही सांगलीकडं निघालाय, नदी कितीही ओळखीची वाटू दे.

"हाइट तर जागच्या जागी होती"

अल्टिमीटरच्या सबस्केलच्या, म्हणजे प्रेशर लावायच्या, खिडकीत बघा. मी पोरांना अल्टिमीटरचा फोटो दाखवते आणि हाइट विचारते, सगळे सुया वाचतात, खिडकीतला आकडा दहात एखादाच वाचतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे २८ फुटांच्या आसपास. क्यूएनएच १०१२ दिलाय आणि खिडकीत कालचाच १००६ राहिलाय तर अल्टिमीटर १७० फूट कमी दाखवणार, म्हणजे तुम्ही खरे १७० फूट वर, आणि वरच्या एअरस्पेसच्या तळाला २०० फूट सोडून चाललो होतो असं म्हणणाऱ्याकडं प्रत्यक्षात ३० फूट उरलेले असतात, तेवढे तर एप्रिलच्या दुपारी एक थर्मल लागला की संपले. उलट बाजूनं आकडा जास्त लावला तर तुम्ही समजता त्यापेक्षा खाली असता, त्याचा धोका डोंगराजवळ.

आपल्याकडं दिवसातसुद्धा प्रेशर हलतं. सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी, फरक ३-४ हेक्टोपास्कलचा पडतो. काल दुपारी चारला कुणीतरी लावलेलं सेटिंग तसंच ठेवून आज सकाळी दहाला उडालात तर बाकी हवामान जसंच्या तसं असलं तरी शंभरेक फुटांची चूक घेऊनच निघालात. क्यूएनएच लावल्यावर अल्टिमीटरवर एअरफील्डचं एलिव्हेशन यायला पाहिजे, पार्किंगलाच बघा. नाही आलं तर एकतर क्यूएनएच चुकीचा ऐकलाय (१००८ आणि १०१८ ची गल्लत तर कायमची) नाहीतर अल्टिमीटर बिघडलाय, दोन्हीत टॅक्सी करायची नाही.

"एटीसीशी बोललो होतो की"

हे सगळ्यात जास्त मनावर घ्या. पोरगं एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) फ्रिक्वेन्सी लावतं, कॉल करतं, पोझिशन, लेव्हल, एस्टिमेट सगळं व्यवस्थित सांगतं. पलीकडून कॉलसाईन (विमानाचं रेडिओवरचं नाव) आणि "स्टँडबाय" येतं. कंट्रोलरकडं दुसरं विमान फायनलला आहे, तो त्याच्यात गुंतलाय. पोरगं तसंच पुढं जातं, १०० नॉटनं मिनिटाला जवळजवळ पावणेदोन माईल, आणि दोन मिनिटांनी आत. विचारलं तर म्हणतं, त्यांना माहीत होतं की मी येतोय.

माहीत असणं आणि क्लिअरन्स देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लास डी प्रकारच्या नियंत्रित एअरस्पेसमध्ये व्हीएफआर विमानालासुद्धा आत यायला क्लिअरन्स लागतो, आणि क्लिअरन्स म्हणजे "क्लिअर्ड टू एंटर" असा शब्द कानावर पडला पाहिजे, तुम्ही तो रिडबॅक केला (परत म्हणून दाखवला) पाहिजे. "रॉजर" म्हणजे फक्त ऐकलं. "स्टँडबाय" म्हणजे थांबा. "रिपोर्ट एअरफील्ड इन साईट" म्हणजे पण आत या असं नाही. स्क्वॉक कोड (रडारवर ओळखायला ट्रान्सपाँडरमध्ये लावायचा आकडा) दिला म्हणजे पण नाही.

ही गैरसमजूत येते कुठून याचा मी बराच विचार केलाय, आणि माझं मत असं झालंय की ती यूट्यूबवरून येते. पोरं अमेरिकेतले ट्रेनिंगचे व्हिडिओ बघतात, तिकडं क्लास डीला टॉवरनं तुमचा कॉलसाईन घेऊन उत्तर दिलं, अगदी "स्टँडबाय" म्हटलं तरी टू-वे कम्युनिकेशन झालं असं धरतात आणि आत जाता येतं. तिकडचा तो नियम तिकडं बरोबर आहे. आपल्याकडं तो नाही. व्हिडिओ बघा, आरटीची (रेडिओवर बोलण्याची) लय शिकायला चांगले आहेत, पण एअरस्पेसचे नियम आपल्या एआयपीतूनच शिका.

तसंच एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) आणि एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर. फ्लाइट प्लॅन टाकला, दोन्ही नंबर मिळाले, की काहींना वाटतं सगळ्या रस्त्याची परवानगी मिळाली. एअर डिफेन्स क्लिअरन्स म्हणजे हवाई संरक्षणाच्या दृष्टीनं तुमचं फ्लाइट नोंदलं गेलंय, मधल्या कंट्रोल झोनमध्ये शिरायचा क्लिअरन्स त्या त्या एटीसीकडूनच घ्यायचा.

आता थांबायचं म्हणजे काय ते. नॅव्हलॉगवर प्रत्येक हद्दीच्या आधी एक जागा लिहा, जमिनीवर पटकन ओळखू येणारी, तुमच्या दुसऱ्या लाईनच्याही बाहेर. तिच्या दहा माईल आधी, म्हणजे १०० नॉटला सहा मिनिटं आधी, पहिला कॉल. त्या जागेवर पोचेपर्यंत "क्लिअर्ड" ऐकू आलं नाही तर तिथं ऑर्बिट, आणि एटीसीला सांगायचं, "रिमेनिंग आउटसाइड, ऑर्बिटिंग ओव्हर" अमुक. यात संकोच वाटायचं काही कारण नाही, कंट्रोलरला असं सांगणारा स्टुडंट आवडतो कारण त्याची एक काळजी कमी होते.

पण ऑर्बिटमध्ये पण वारा आहेच! रेट वन टर्न म्हणजे एक पूर्ण चक्कर दोन मिनिटांत. वारा २५ नॉट असेल तर प्रत्येक चक्करला तुम्ही साधारण ०.८ माईल वाऱ्याबरोबर सरकता, तीन चक्करमध्ये अडीच माईल. हद्द वाऱ्याच्या दिशेला असेल तर थांबलो थांबलो म्हणत आत जाल. म्हणून नुसता बँक लावून बसायचं नाही, खालच्या खुणेभोवती फिरायचं, टर्न अराउंड अ पॉइंट शिकवतात ते नेमकं इथं कामाला येतं, आणि शक्य असेल तर थांबायची जागा हद्दीपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला निवडा, म्हणजे वारा तुम्हाला हद्दीपासून लांब नेईल, नाहीतर अंतर जास्त सोडा.

याची तालीम जमिनीवर होते. घरी खुर्चीत बसा, नकाशा मांडीवर, घड्याळ लावा, मित्राला फोनवर एटीसी करा आणि त्याला सांगून ठेवा की पहिल्या कॉलला स्टँडबायच म्हणायचं, मध्ये भलताच क्यूएनएच द्यायचा, एकदा उत्तरच द्यायचं नाही. इचलकरंजीच्या एका पोरीनं सोलो क्रॉसकंट्रीच्या आधी असं आपल्या धाकट्या भावाबरोबर केलं, त्याला विमानातलं काही कळत नव्हतं, कागदावर लिहून दिलेलं वाचायचा, पण हिचं तोंड मात्र तयार झालं.

"जीपीएसच्या लाईनवरच होतो"

ट्रॅकवरून बाजूला गेलात, ढग चुकवला किंवा एटीसीनं वळवलं, आणि मग परत डायरेक्ट-टू दाबलं. जीपीएस तुम्ही जिथं आहात तिथून नवी सरळ लाईन काढतो, त्याला तुम्ही आदल्या रात्री कुठला एरिया चुकवून कोपरा घेतला होता याच्याशी देणंघेणं नाही. ती नवी लाईन सरळ रिस्ट्रिक्टेड एरियातून जाऊ शकते. डायरेक्ट-टू दाबलं की आधी लाईन पूर्ण शेवटपर्यंत बघा, झूम आउट करून, कारण जास्त झूम इन असेल तर पुढचा एरिया स्क्रीनवर दिसतच नाही. जुन्या लेगवर परत यायचं असेल तर तो लेगच ॲक्टिव्हेट करा. डेटाबेसची तारीख पण बघा. आणि नोटॅमनं आलेली तात्पुरती बंदी, व्हीआयपी मूव्हमेंट, फायरिंग, हे विमानातल्या जीपीएसच्या डेटाबेसमध्ये नसतं, ते निघायच्या आधी वाचून हातानंच चार्टवर काढायचं.

आत गेलोच तर

गप्प बसायचं नाही, ट्रान्सपाँडरला हात लावायचा नाही. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथं लगेच सांगा की मी बहुतेक तुमच्या एअरस्पेसमध्ये आलोय, अमुक जागेजवळ, अमुक लेव्हल, सोलो स्टुडंट आहे, वेक्टर (कुठल्या हेडिंगला वळायचं ते) द्या. "स्टुडंट पायलट सोलो" हे शब्द मुद्दाम वापरा, कंट्रोलर सावकाश आणि सोप्या सूचना देतो. कुठं आहोत तेच कळत नसेल तर तेही तसंच सांगा. कुणीच उत्तर देत नसेल तर १२१.५, ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. स्वतःच्या मनानं घाईत यू टर्न मारू नका जर आधीच संपर्क असेल तर, कारण तुमच्या मागं दुसरं विमान कंट्रोलरनं अंतर राखून ठेवलेलं असू शकतं, ते त्याला दिसतंय, तुम्हाला नाही.

उतरल्यावर त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला आणि सीएफआयला (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला) स्वतः जाऊन सांगा, तिकडून फोन यायच्या आधी. क्लबमध्ये सीनियर सांगतात की कुणाला बोलू नको, लपून जातं. लपत नाही, रडारचं आणि आरटीचं रेकॉर्डिंग असतं, आणि लपवलं तर चूक बाजूला राहते आणि लपवण्यावरच सगळी चर्चा होते. आई-वडिलांनी कर्ज काढून ट्रेनिंगला पाठवलेलं असतं म्हणून पोरं घाबरतात हे मला कळतं, रात्री रात्री फोन येतात. पण वेळेत आणि खरं सांगितलेल्या पोराला चांगला सीएफआय परत एक ड्युअल सॉर्टी (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) देऊन सोलोला सोडतो, हे मी बघितलंय.

नॅव्हलॉग फाडू नका, त्यावर नंतर सुधारणा पण करू नका, निघताना जसा होता तसाच ठेवा. आणि मला किंवा कुणालाही विचारताना नुसतं "मॅडम आत गेलो" एवढंच पाठवू नका, त्यावरून काही सांगता येत नाही. लेग कुठला, टास किती, फोरकास्ट वारा काय धरलेला, प्रत्यक्ष हेडिंग काय उडवलं, क्यूएनएच किती आणि कुणी दिलेला, शेवटची पक्की ओळखलेली जागा कुठली आणि तिथली वेळ, आणि एटीसीनं नेमके कोणते शब्द वापरले ते जमेल तेवढं आठवून लिहा. सोबत चार्टचा फोटो, तुम्ही लाईन काढलेल्या भागाचा, जवळून आणि स्केल दिसेल असा.